धुराडं, चाकं आणि फोटोतला तिसरा माणूस

(पॉडकास्टच्या या भागाचं हे लेखी रूप. बोलताना आलेले अडखळे काढलेत, बाकी बोलणं तसंच ठेवलंय.)

 

आजचा विषय जरा उलटा आहे. फोटोंबद्दल बोलायचंय, आणि तेही पॉडकास्टवर. इथे तुम्हाला फोटो दिसणार नाहीत हे मला माहीत आहे. पण तुमच्या हातात फोन आहे ना? मग ऐकता ऐकता ‘जुनं वाफेचं इंजिन’ असं शोधा आणि एखादा फोटो उघडून ठेवा. घरी जुना अल्बम असेल तर फारच छान. जळगाव, भुसावळ, पाचोरा, चाळीसगाव, धुळे या पट्ट्यात असे अल्बम बऱ्याच घरांत असतात, कारण आपल्याकडे कुणाचे ना कुणाचे आजोबा, काका, मामा रेल्वेत होतेच.

आज दोन गोष्टी सांगणार आहे. एक, वाफेच्या इंजिनाचा फोटो वाचायचा कसा. आणि दोन, त्या फोटोत जे लिहिलेलं नसतं ते आपणच का लिहून ठेवायला हवं, आणि तेही लवकर का.

सुरुवात एका शब्दचित्रापासून करू. जूल्स व्हर्नची ‘ऐंशी दिवसांत जगाची फेरी’ ही कादंबरी तुम्हाला माहीत असेल. मूळ फ्रेंच, १८७२-७३ सालची. त्यातला फिलिअस फॉग मुंबईहून गाडीत बसतो आणि सकाळी ती गाडी कुठून जात असते? चक्क आपल्या खानदेशातून! त्याचा नोकर पासपार्तू जागा होतो, खिडकीतून बघतो, आणि आपण रेल्वेनं हिंदुस्थानातून चाललोय यावर त्याचा विश्वासच बसत नाही. इंजिनाचा धूर शेतांवर पसरतोय. शेतं कसली? कापूस, कॉफी, जायफळ, लवंग आणि मिरी!

आता कापूस आपण मान्य करू. पण खानदेशात लवंग-जायफळ? शिवाय इथल्या नद्या बहुतेक गोदावरीला मिळतात असंही तो लिहितो. गिरणा, पांझरा, वाघूर, सगळ्या आपल्या तापीला मिळतात. व्हर्न भारतात कधी आलाच नव्हता, वाचलेल्या माहितीवर त्यानं चित्र रंगवलं. पण एक गोष्ट त्यानं बरोबर टिपली. ते इंजिन चालवणारा माणूस इंग्रज आणि आत जळणारा कोळसाही इंग्लंडचा, असं तो सांगतो. सुरुवातीच्या काळात खरोखर तसंच होतं. ड्रायव्हर युरोपियन, आणि बराचसा कोळसा जहाजातून आलेला.

गंमत बघा, कादंबरीत पुढे रूळ संपतात आणि फॉगला चढ्या भावानं हत्ती विकत घ्यावा लागतो. प्रत्यक्षात मुंबईहून जबलपूरमार्गे अलाहाबाद आणि कलकत्त्याला जोडणारी लाइन मार्च १८७० मध्येच पूर्ण झाली होती. म्हणजे कादंबरी आली तेव्हा त्या हत्तीची गरजच उरली नव्हती.

हे का सांगितलं? कारण रेल्वेचं चित्र, मग ते शब्दांतलं असो की फोटोतलं, कुणीतरी कुठेतरी उभं राहून काढलेलं असतं. त्यात खरं काय, ऐकीव काय, हे आपल्याला तपासता आलं पाहिजे.

थोड्या तारखा. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे पहिली प्रवासी गाडी धावली. अंतर ३४ किलोमीटर, १४ डबे, साधारण ४०० पाहुणे, आणि तीन इंजिनं: साहिब, सिंध आणि सुलतान. कंपनी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, म्हणजे जीआयपी. १८६५ मध्ये थळ घाटातली, म्हणजे कसारा ते इगतपुरीची लाइन सुरू झाली आणि मुंबईशी आपली सरळ गाठ पडली. पुढे १८६७ मध्ये रूळ नागपूरला पोचले. भुसावळला नागपूरचा आणि खांडव्याचा फाटा फुटतो, म्हणून हे गाव रेल्वेचं झालं. त्याच सुमाराला अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं. तिथला कापूस इंग्लंडला मिळेना, म्हणून इथल्या कापसाचा भाव वाढला आणि जळगाव ही मोठी बाजारपेठ झाली.

धुळ्याला मात्र वाट बघावी लागली. मुख्य लाइन चाळीसगाव-पाचोरा-जळगाव अशी गेली, धुळं बाजूला राहिलं. चाळीसगाव-धुळे हा साधारण ५६ किलोमीटरचा फाटा १९०० मध्ये सुरू झाला. त्याच सुमाराला सुरतेहून तापीच्या खोऱ्यातून नंदुरबार, अमळनेर करत ताप्ती व्हॅली रेल्वे आली. आणि पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस पाचोरा-जामनेर, आपली पीजे! अडीच फुटांची नॅरोगेज, शेंदुर्णी, पहूर करत जाणारी. २०२० च्या लॉकडाउनपर्यंत ती धावत होती, शेवटी अर्थात डिझेलवर.

आता फोटो समोर घ्या.

पहिलं काम, चाकं मोजा. वाफेच्या इंजिनाची ओळख चाकांवरून होते. पुढची छोटी, मधली मोठी, मागची छोटी अशी क्रमानं मोजायची, दोन्ही बाजूंची मिळून. पुढे चार, मध्ये सहा, मागे दोन असतील तर ४-६-२. पुढे दोन, मध्ये आठ, मागे दोन असतील तर २-८-२. मधली मोठी चाकं म्हणजे ओढणारी चाकं. ती संख्येनं कमी आणि आकारानं मोठी असतील तर इंजिन वेगासाठी, म्हणजे प्रवासी गाडीचं. जास्त आणि थोडी लहान असतील तर जोरासाठी, म्हणजे मालगाडीचं.

दुसरं, अक्षरं वाचा. स्वातंत्र्याच्या सुमाराला आलेली दोन ब्रॉडगेज इंजिनं तुम्हाला बऱ्याच फोटोंत भेटतील. एक डब्ल्यूपी. डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, पी म्हणजे पॅसेंजर. ४-६-२. नाक बंदुकीच्या गोळीसारखं गोल आणि त्यावर बहुतेक वेळा तारा. याची पहिली इंजिनं १९४७ मध्ये अमेरिकेतल्या बाल्डविन कंपनीकडून आली. ओढणारी चाकं जवळजवळ माणसाच्या उंचीची. दुसरं डब्ल्यूजी, जी म्हणजे गुड्स, २-८-२. बंगालमधल्या चित्तरंजनच्या कारखान्यात १९५० मध्ये तयार झालेलं पहिलं इंजिन हेच, नाव ‘देशबंधू’. त्याच कारखान्यातलं शेवटचं ब्रॉडगेज वाफेचं इंजिन १९७० मध्ये बाहेर पडलं, त्याचं नाव ‘अंतिम सितारा’. मीटरगेजला वाय, अडीच फुटी नॅरोगेजला झेड.

मग दर १६ एप्रिलला ‘भारतातली पहिली रेल्वे, १८५३’ म्हणून फोटो फॉरवर्ड होतो, त्यात गोल नाकाचं भलंमोठं इंजिन आणि वर विजेचा दिवा असेल, तर काय समजायचं? तो फोटो निदान ९४ वर्षं नंतरचा आहे! १८५३ ची इंजिनं छोटी होती, आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर आज दिसतं तसं केबिनचं छप्परही नव्हतं.

तिसरं, टेंडरवर बघा. टेंडर म्हणजे इंजिनामागचा कोळसा-पाण्याचा डबा. डब्ल्यूपीच्या टेंडरमध्ये साधारण १५ टन कोळसा मावायचा. त्यावर रेल्वेचं नाव असतं. जीआयपी असेल तर फोटो बहुधा १९५१ च्या आधीचा. त्या वर्षी नोव्हेंबरात मध्य रेल्वे आणि पश्चिम रेल्वे झाल्या. आणि जळगाव स्टेशनवर दोघीही भेटतात, भुसावळकडून मध्य आणि सुरतकडून पश्चिम. म्हणून जळगावचा फोटो असेल तर नावाचं अक्षर नीट मोठं करून बघा, गाडी कुठली होती ते कळेल.

चौथं, धूर. हे मला सगळ्यात आवडतं. घरातला तांब्याचा बंब आठवतो? मध्ये जाळाची नळी, भोवती पाणी. इंजिनाचा बॉयलर म्हणजे आडवा झोपलेला बंब समजा, फक्त जाळाच्या नळ्या एकाऐवजी शेकडो आणि वाफ कोंडलेली. ती वाफ सिलिंडरमध्ये जाते, दट्ट्या ढकलते, दट्ट्या दांड्याला आणि दांडा चाकाला. काम झालेली वाफ धुराड्यातून जोरात बाहेर पडते आणि जाता जाता जाळाला वाराही घालते. दोन सिलिंडरच्या इंजिनात चाकाच्या एका फेऱ्यात चार वेळा अशी वाफ सुटते. आपण ज्याला झुकझुक म्हणतो ना, ती हीच.

तर धुराड्यातून येणारा काळा लोट म्हणजे अर्धवट जळलेला कोळसा. फोटोत भारी दिसतो, पण तो वाया गेलेला कोळसा आहे. चांगला फायरमन धूर कमी ठेवायचा. आणि पांढरा लोट म्हणजे वाफ गार होऊन झालेले पाण्याचे थेंब. गार हवेत ते जास्त वेळ टिकतात. आपल्याकडच्या मे महिन्याच्या कोरड्या उन्हात ती वाफ दिसेनाशी व्हायला वेळ लागत नाही. म्हणून भुसावळ यार्डातल्या फोटोत इंजिनावर कापसासारखा पांढरा ढग असेल तर तो बहुतेक हिवाळ्यातल्या सकाळचा, नाहीतर पावसाळ्यातला. मागे तारीख नसली तरी ऋतूचा अंदाज लागतो.

पाचवं, आजकालचं. एआयनं बनवलेले ‘जुने’ फोटो फार फिरतात. ओळखायची एक सोपी खूण सांगतो. मोठ्या चाकांना एकमेकांशी जोडणारा लांब दांडा असतो. इंजिन सपाट रुळावर असेल तर तो दांडा वर असो की खाली, रुळाला कायम समांतर राहतो, कारण सगळ्या चाकांवरच्या खिळी एकाच स्थितीत फिरतात. कॅमेऱ्याच्या कोनाचा फरक सोडून तो दांडा तिरका गेला असेल, मध्येच गायब झाला असेल किंवा प्रत्येक चाकाची खीळ वेगळ्याच जागी असेल, तर ते इंजिन एक फूटही हलणार नाही. फोटो खोटा!

इथवर झाली मशीनची गोष्ट. आता माणसांकडे येऊ.

इंग्लंडमधल्या मुख्य मार्गांवरची वाफेची इंजिनं १९६८ मध्ये थांबली. मग तिथले हौशी लोक कॅमेरे घेऊन जगभर फिरायला लागले, आणि भारतात तर अजून हजारो इंजिनं धावत होती. ७० आणि ८० च्या दशकातले आपल्याकडचे कितीतरी सुंदर रंगीत फोटो परदेशी पाहुण्यांनी काढलेत. आपल्या लोकांकडे कॅमेरे कमी होते, आणि स्टेशनात फोटो काढायला परवानगी लागायची. या पाहुण्यांचे आभार मानायलाच हवेत. त्यांच्या फोटोखाली इंजिनाचा वर्ग असतो, नंबर असतो, जागा आणि तारीखही असते. फक्त केबिनमधून हसत बघणाऱ्या माणसाचं नाव नसतं.

याच्या उलट आपल्या घरचे फोटो. मागे लिहिलेलं असतं ‘नानांची ड्यूटी’, नाहीतर तेही नाही. इंजिनाचा नंबर कापलेला. आणि हल्ली त्याच फोटोतून नानांचा चेहरा तेवढा क्रॉप करून डीपी केला जातो. म्हणजे एकीकडे इंजिन आहे पण माणूस नाही, दुसरीकडे माणूस आहे पण इंजिन नाही. इतिहास असा अर्धा अर्धा पडून आहे.

भुसावळच्या एका निवृत्त ड्रायव्हरकाकांकडे मी असाच एक फोटो बघितला. डब्ल्यूजीसमोर तीन माणसं उभी. मी काकांना विचारलं, हाताला फडकं गुंडाळलंय ती तेव्हाची स्टाईल होती का? काका हसले. म्हणाले, “अरे कसली स्टाईल! तापलेला दांडा धरायचा म्हटल्यावर हात भाजतात. फडकं नसलं तर दुसऱ्या दिवशी जेवायला हात चालायचा नाही.” मग त्यांनी सांगितलं, मधला ड्रायव्हर, डावीकडचा पहिला फायरमन म्हणजे ते स्वतः. आणि उजवीकडचा? काका बराच वेळ बघत राहिले. “चेहरा ओळखीचा आहे. दोन महिने बरोबर होता. नाव काही येत नाही बघ.”

तो तिसरा माणूस म्हणजे दुसरा फायरमन. म्हणजे टेंडरमधला कोळसा पुढे आणायचा, मोठे ढेकळे फोडायचे, गरज पडली की फावडं हातात घ्यायचं. बाहेर मे महिन्याचं ऊन, समोर हजार अंशांच्या वरची भट्टी. गाडी वेळेवर आली असं आपण म्हणायचो, ती याच्या खांद्यांवर आलेली असायची. फोटोत तो आहे, नावानं कुठेच नाही.

आणि फोटोच्या कडेला बघा. मोठं करून बघा. पाण्याच्या नळाच्या सोंडेखाली उभा खलाशी. यार्डात टाकलेल्या राखेतून अर्धे जळके कोळसे वेचणाऱ्या बाया, घरची चूल पेटावी म्हणून. फोटो काढणाऱ्यानं इंजिन टिपलं, या बाया चुकून आल्या. पण आज त्या कोपऱ्यातूनच आपल्याला त्या गावाचं खरं जगणं दिसतं.

कधी कधी नुसती तारीखसुद्धा बोलते. ८ मे १९७४ ला देशभर रेल्वेचा संप सुरू झाला. जॉर्ज फर्नांडिस नेते होते, तीन आठवडे तो चालला. मागण्यांत बोनस होता, पगार होता, आठ तासांच्या ड्यूटीचीही मागणी होती. घरातल्या फोटोमागे ‘१९७४’ असेल तर विचारा, मे महिन्यात घरी काय झालं होतं? दूध कसं आणलं, कुणाची नोकरी गेली, कोण पकडलं गेलं? इंजिनाच्या फोटोतून असा एक प्रश्न निघतो आणि घरातली आजवर न बोललेली गोष्ट बाहेर येते.

आता लवकर का, ते सांगतो. ब्रॉडगेजवरची नियमित वाफेची गाडी डिसेंबर १९९५ मध्ये संपली. नवी वाफेची इंजिनं बनवणं तर १९७२ मध्येच थांबलं होतं. १९७५ ला विशीत फायरमन म्हणून लागलेला मुलगा आज सत्तरीत आहे. त्याचा तेव्हाचा ड्रायव्हर बहुतेक आता नाही. वाफेच्या इंजिनाची माहिती पुस्तकांत मिळेल, संग्रहालयात इंजिनही बघायला मिळेल. पण ‘उजवीकडचा कोण’ हे सांगणारी माणसं आपल्या गल्लीत आहेत, आणि ती दरवर्षी कमी होतायत.

हे काम कोण करणार? यासाठी आपल्याच धुळ्याचं उदाहरण आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव फिरले, लोकांच्या माळ्यांवर पडलेले कागद गोळा केले आणि त्यातून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ हे खंड काढले. १९२६ मध्ये ते धुळ्यातच गेले, आणि त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ तिथे १९२७ पासून आहे. त्यांना एकेका कागदासाठी पायपीट करावी लागली. आपल्याला बाजूच्या घरात जायचंय, आणि खिशात कॅमेरा, रेकॉर्डर दोन्ही आहेत.

करायचं कसं, ते पटकन सांगतो.

फोटो अल्बममधून ओढून काढू नका, चिकटलेला असेल तर फाटतो. खिडकीजवळच्या उजेडात ठेवा, ऊन थेट नको, फ्लॅश बंद. फोन फोटोच्या बरोबर वर, समांतर धरा. कडा पूर्ण येऊ द्या. मागची बाजू सुटी असेल तर तिचाही फोटो काढा, तिथे स्टुडिओचा शिक्का असतो, पेन्सिलीनं काहीतरी लिहिलेलं असतं. फोटोवर पेननं काहीही लिहू नका. रंग भरणारं ॲप वापरायचं तर खुशाल वापरा, पण मूळ काळा-पांढरा फोटो वेगळा जपून ठेवा. ॲपला नानांच्या शर्टाचा रंग माहीत नसतो, ते अंदाज करतं.

मग आजोबांना, काकांना विचारून रेकॉर्डिंग सुरू करा. ‘तुमच्या काळाबद्दल सांगा’ असं विचारू नका, माणूस गोंधळतो. छोटे प्रश्न विचारा. फोटोत डावीकडून उजवीकडे कोण कोण आहे? ड्यूटीला बोलवायला रात्री कॉलबॉय यायचा तेव्हा घरात कोण उठायचं? लोखंडी पेटीत काय काय असायचं? जेवण कुठे करायचा? इंजिन बिघडलं तर कुणाला सांगायचं? आणि आजींनाही विचारा. कोळशानं काळे झालेले कपडे धुतले कुणी, हे त्यांनाच माहीत आहे.

शेवटी फाइलला नाव द्या: गाव, अंदाजे वर्ष, माणसांची नावं, इंजिनाचा नंबर दिसत असेल तर तो. ‘आयएमजी’ आणि पुढे आठ आकडे, असं ठेवलं तर दहा वर्षांनी तुम्हालाही सापडणार नाही. एक प्रत फोनमध्ये, एक दुसरीकडे. आणि नेटवर टाकायच्या आधी घरच्यांना विचारा, फोटो त्यांचा आहे.

तर या आठवड्याचा गृहपाठ: एक फोटो, पाच मिनिटांचं रेकॉर्डिंग, आणि सगळ्यांची नावं. भुसावळच्या काकांनी त्यांच्या दोन जुन्या सोबत्यांना फोन लावायचं कबूल केलंय, त्या तिसऱ्या माणसाचं नाव कुणाला आठवतंय का बघायला. मी दर रविवारी त्यांना विचारतो. अजून लागलं नाही.

तुमच्या फोटोतलं एखादं नाव लागलं तर मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. तोवर राम राम!